फाटक उघडे राहते, त्याआधी

ज्या रेल्वे फाटकाला सिग्नलची जोड नसते, तिथला सगळा कारभार दोन अंकी आकड्याच्या भरवशावर चालतो. गाडी यायच्या आधी स्टेशन मास्तर फाटकावर फोन लावतो आणि फाटक बंद करायला सांगतो. गेटमन फाटक पाडतो, कुलूप घालतो आणि समोरच्या छापील तक्त्यातला पुढचा आकडा मास्तरला सांगून त्यावर काट मारतो. रेल्वेत याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. आकडा रजिस्टरात चढतो, दिवसातून अनेकदा चढतो. तो मिळाला की फाटक बंद झाले असे मास्तरने धरून चालायचे आणि गाडी सोडायची. मास्तरला फाटक दिसत नाही. सिग्नलला तर काहीच कळत नाही, कारण फाटक उघडे असले तरी तो हिरवा होऊ शकतो.

८ जुलै २०२५ रोजी सकाळी पावणेआठच्या सुमाराला तामिळनाडूतल्या कडलूरजवळ, सेम्मनकुप्पम गावच्या १७० क्रमांकाच्या फाटकावर विळुपुरम-मयिलाडुदुरै पॅसेंजरने शाळेची व्हॅन उडवली. तीन विद्यार्थी गेले. त्यांतले दोघे सख्खे बहीण-भाऊ होते. आवाज ऐकून मदतीला धावलेल्या गावकऱ्यांपैकी एकाला तुटून लोंबणाऱ्या विजेच्या तारेचा धक्का बसला. फाटकावर माणूस नेमलेला होता, पण फाटकाला सिग्नलची जोड नव्हती. फाटक बंद न करताच प्रायव्हेट नंबर दिला गेला, असे चौकशीत निघाल्याच्या बातम्या पुढे आल्या.

त्याच दिवशी दुपारपर्यंत काय घडले ते नीट पाहण्यासारखे आहे. रेल्वेचे पहिले निवेदन असे, की गेटमन फाटक बंद करत होता, पण व्हॅनच्या चालकाने आपल्याला जाऊ द्यावे असा आग्रह धरला. म्हणजे चूक चालकाची. मग वाचलेल्यांनी सांगितले, की फाटक उघडेच होते. चूक गेटमनकडे सरकली. तो निलंबित झाला, त्याला अटक झाली. याच दरम्यान रेल्वेने आणखी एक गोष्ट सांगून टाकली. या फाटकाच्या जागी भुयारी मार्ग करायला पैसे मंजूर आहेत, खर्च पूर्ण रेल्वेचाच आहे, पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी वर्षभर मिळालेली नाही. मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते हे तिसरे वाक्य. पहिली दोन वाक्ये शेवटच्या अर्ध्या मिनिटाबद्दल आहेत. तिसरे त्याआधीच्या वर्षाबद्दल आहे आणि त्यात कोणाला अटक होत नाही.

फाटकावरच्या अपघातांबद्दल आपण जे वाचतो, ते जवळजवळ सगळे त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटातले असते. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात बिनमाणसाच्या फाटकावर शाळेची व्हॅन पॅसेंजरखाली आली आणि तेरा मुले मेली. चालकाच्या कानात इअरफोन होते, ही बातमी देशभर पोचली. त्या छोट्या व्हॅनमध्ये इतकी मुले का कोंबली होती, गावात दुसरी शाळेची गाडी का नव्हती, ते फाटक २०१८ सालापर्यंत बिनमाणसाचे का राहिले, हे प्रश्न इअरफोनच्या मागे गेले. त्याआधी २४ जुलै २०१४ रोजी तेलंगणात मेडक जिल्ह्यातल्या मासाईपेटला आपल्या नांदेडहून सिकंदराबादला निघालेल्या पॅसेंजरखाली शाळेची बस सापडली होती. तिथेही फाटक बिनमाणसाचे होते आणि चर्चा चालकाच्या मोबाइलची झाली.

इअरफोन लावून गाडी हाकणारा दोषी नाही, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. पण बिनमाणसाच्या फाटकावर कायदा चालकाकडून काय अपेक्षा करत होता, ते वाचले तर थोडे हसू येते आणि मग येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३१. गाडी थांबवायची, कंडक्टर किंवा क्लीनरने उतरून रुळांपर्यंत चालत जायचे, दोन्ही बाजूंनी गाडी किंवा ट्रॉली येत नाही याची खात्री करायची आणि मग पुढे चालत वाहन पार न्यायचे. क्लीनर नसेल तर चालकाने स्वतः उतरून पाहायचे. म्हणजे वीस मुले भरलेली व्हॅन चालू ठेवून किंवा बंद करून, दरवाजा लावून, चालत रुळांवर जायचे, परत यायचे, बसायचे, गिअर टाकायचे; तेवढ्यात गाडी आली तर पुन्हा उतरायचे. रोज, दोन वेळा. न पाळणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम १६१ खाली एक वर्षापर्यंत कैद. हा नियम पाळणारा चालक मी तरी पाहिलेला नाही.

शिवाय माणसाचा डोळा इथे दगा देतो. मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा हळू येते आहे असे आपल्याला दिसते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्शेल लिबोविट्झ यांनी १९८५ साली रेल्वे फाटकांच्या संदर्भातच मांडले. रुळांच्या जवळ उभे राहून समोरून येणारे इंजिन पाहिले तर ते बराच वेळ नुसते उभे असल्यासारखे वाटते आणि मग एकदम अंगावर येते. इंजिनच्या बाजूने पाहा. रुळांच्या कडेला ‘सी/फा’ अशी पिवळी पाटी असते, सीटी, फाटक. ब्रॉडगेजवर ती फाटकाच्या सहाशे मीटर अलीकडे लावतात. ताशी शंभर किलोमीटरने धावणारी गाडी ते सहाशे मीटर बावीस सेकंदांच्या आत कापते आणि लोको पायलटने पाटीपाशी ब्रेक दाबले तरी भरलेली गाडी तेवढ्या अंतरात उभी राहत नाही. फाटकावर वाहन अडकलेले दिसले तर त्याच्या हातात शिट्टी वाजवत राहण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. त्याला वळता येत नाही. त्या बावीस सेकंदांत पुढच्या माणसाचा चेहरा दिसण्याइतके अंतर कमी होते. अपघातानंतरच्या बातमीत लोको पायलटचा उल्लेख बहुधा नसतो.

आणि ट्रॅक्टर असेल तर शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूर जिल्ह्यात बिनमाणसाच्या फाटकावर वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली गाडीखाली आली. पन्नासाहून अधिक माणसे गेली. त्यांत बायकामुले कितीतरी. ७ जुलै २०११ ला उत्तर प्रदेशात, त्या वेळच्या कांशीराम नगर जिल्ह्यात, रात्री दोनच्या सुमारास वऱ्हाडाच्या बसला मथुरा-छपरा एक्सप्रेसने धडक दिली, ३८ मृत्यू. लग्नाची वऱ्हाडे अशा यादीत पुन्हा पुन्हा का येतात? गाडी क्षमतेपेक्षा भरलेली, रस्ता चालकाच्या सवयीचा नाही, मुहूर्त गाठायचा किंवा रात्र उतरवायची घाई आणि ट्रॉलीत गाणी. यातली एकही गोष्ट बेकायदा ठरवून थांबणारी नाही. म्हणून तर फाटक अशा माणसांना धरून बांधावे लागते, जी घाईत असतील, थकलेली असतील, गप्पांत असतील.

हा विचार अधिकृतपणे मांडण्याचा मान मी अमेरिकेतल्या एका चौकशी अहवालाला देईन. २५ ऑक्टोबर १९९५. इलिनॉयमधले फॉक्स रिव्हर ग्रोव्ह, शिकागोच्या वायव्येला. शाळेची बस फाटक ओलांडून पुढच्या चौकातल्या लाल सिग्नलला थांबली. रूळ आणि चौक यांच्यातली जागा इतकी तोकडी होती, की बसचा मागचा सुमारे तीन फूट भाग रुळांवर राहिला. चालक बाई नेहमीची नव्हती, बदली म्हणून आली होती. आपण रूळ ओलांडून आलो असेच तिला वाटत होते. रुळांवरून आलेल्या मेट्रा उपनगरी गाडीने बसचे मागचे टोक धरले आणि बसचा सांगाडा चाकांच्या चौकटीवरून उखडून फिरला. सात विद्यार्थी मेले.

रस्त्याचा सिग्नल आणि रेल्वेचे फाटक एकमेकांना तारेने जोडलेले होते. गाडी आली की चौकातला सिग्नल हिरवा व्हायचा, म्हणजे रुळांवर अडकलेली वाहने पुढे सरकतील. पण किती सेकंद आधी हिरवा व्हायचा, याचा हिशोब रेल्वेने एक धरला होता आणि राज्याच्या रस्ते खात्याने दुसरा. काही वर्षांपूर्वी महामार्ग रुंद केला होता, त्यात रूळ आणि चौक यांच्यातली जागा आणखी घटली होती. लोकांच्या तक्रारी होत्या. अपघाताच्या वेळी त्या सिग्नलची वेळ तपासायला स्थानिक पोलीसप्रमुख आणि रस्ते खात्याचा माणूस तिथेच आलेले होते! अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कारणांची यादी केली तेव्हा बस रुळांवर उभी राहिली हे त्यात होतेच, पण ती का उभी राहिली याचे उत्तर शाळेने मार्गावरचे धोके न ओळखण्यात आणि रस्ते खात्याने तोकडी जागा आणि अपुरे सेकंद न ओळखण्यात शोधले. मग देशभरात असे जोडलेले सिग्नल तपासले गेले. चालक बाईला शिक्षा करून हे काम झाले नसते.

आपल्याकडे मंडळ नाही असे नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्त हे पद आहे आणि ते मुद्दाम रेल्वे मंत्रालयाबाहेर, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवलेले आहे, म्हणजे रेल्वेची चौकशी रेल्वेनेच करू नये. पण वैधानिक चौकशीचा भर गाडीतल्या प्रवाशांच्या मृत्यूवर, जखमांवर आणि रेल्वेच्या मालमत्तेच्या नुकसानीवर. फाटकावर रस्त्यावरची माणसे मेली तर प्रकरण अनेकदा विभागीय चौकशीतच मिटते. त्यात गेटमन, मास्तर, लोको पायलट हजर असतात. रस्ता कोणी, कधी, कोणत्या अंदाजाने तिथे आणला, तो माणूस कधीच हजर नसतो.

मृत माणूस प्रवासी होता की रस्त्यावरचा, यावर पुढचे सगळे ठरते. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४ नुसार गाडीला अपघात होऊन प्रवासी मेला, तर चूक कोणाची हे सिद्ध न करता भरपाई मिळते. १ जानेवारी २०१७ पासून ही रक्कम आठ लाख रुपये आहे. फाटकावर व्हॅनमध्ये मेलेले मूल या कलमात बसत नाही. त्याच्या आईबापांना चूक सिद्ध करावी लागते. व्हॅनची, नाहीतर रेल्वेची. सानुग्रह मदतीचेही तसेच. सप्टेंबर २०२३ मध्ये रेल्वेने ही मदत दसपट केली, मृत्यूसाठी पन्नास हजारांवरून पाच लाख. त्यात माणूस असलेल्या फाटकावरचे अपघात आले, तेही सकृद्दर्शनी रेल्वेची जबाबदारी दिसत असेल तरच. बिनमाणसाचे फाटक आणि अनधिकृतपणे रूळ ओलांडणारे यांना मदत नाही, असे परिपत्रकात स्वच्छ लिहिले आहे. कडलूरला मिळाली, कारण तिथे गेटमन होता आणि तो चुकला. गेटमनच नसता तर रेल्वेचे निदान एवढे पाच लाख वाचले असते. हा तर्क कोणाला क्रूर वाटत असेल तर तो माझा नाही, नियमाचा आहे.

न्यायालयांनी मात्र हा तर्क पुरता मानलेला नाही. ९ मे १९७९ रोजी केरळात अकपरंपा इथल्या बिनमाणसाच्या फाटकावर जयंती जनता एक्सप्रेसने भाड्याच्या गाडीला धडक दिली आणि चाळीसच्या आसपास माणसे मेली. खटला सर्वोच्च न्यायालयात १९९७ साली निकाली निघाला. इतकी रहदारी असताना तिथे माणूस न नेमणे हीच रेल्वेची निष्काळजी, असे न्यायालयाने ठरवले आणि अशा प्रकरणात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे रेल्वेलाही उभे करता येईल, हेही. अपघातापासून निकालापर्यंत अठरा वर्षे गेली. त्या दिवशी दहावीत असलेले मूल तोपर्यंत तिशी ओलांडून गेलेले असते. वकील मंडळी या निकालाला चांगला दाखला म्हणतात आणि तो आहेच. पण प्रत्येक नव्या अपघातातल्या कुटुंबाला तो दाखला घेऊन न्यायाधिकरणाच्या पायऱ्या स्वतःच चढाव्या लागतात.

बिनमाणसाच्या फाटकांचे पुढे काय झाले, ते इथे सांगायला हवे, कारण मला या सगळ्या प्रकरणात तेच सर्वांत बोलके वाटते. १ एप्रिल २०१४ रोजी देशात ३०,३४८ फाटके होती. त्यांतली ११,५६३ बिनमाणसाची. इतकी फाटके एकदम बंद करता येत नाहीत, पैसा नाही, रहदारी कमी आहे, माणसे नाहीत, हे उत्तर दशकानुदशके मिळत आले. कुशीनगरनंतर मात्र कामाला वेग आला आणि ३१ जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरची सगळी बिनमाणसाची फाटके संपली. त्या एका आर्थिक वर्षात साडेतीन हजारांच्या आसपास. कुठे माणूस नेमला, कुठे दोन फाटके एकत्र केली, कुठे भुयारी मार्ग केला. २०१४-१५ मध्ये अशा फाटकांवर पन्नास मोठे अपघात झाले होते, २०१८-१९ मध्ये तीन. जे दशकानुदशके अशक्य होते, त्याचा शेवटचा टप्पा नऊ महिन्यांत झाला.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये याहून मोठी शिफारस केली होती. पाच वर्षांत सगळीच फाटके काढा, माणूस असलेलीसुद्धा. खर्च पन्नास हजार कोटी. आणि तो कामकाजातल्या बचतीतून काही वर्षांत भरून निघेल. माणूस असलेले फाटक आणि बिनमाणसाचे फाटक यांतला फरक त्या समितीने अंतिम मानला नव्हता. सेम्मनकुप्पमने तो अंतिम नाही हे दाखवून दिले. आजही सतरा हजारांच्या घरात फाटके आहेत. त्यांतली अकरा हजारांहून अधिक सिग्नलशी जोडलेली, म्हणजे फाटक बंद झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होणारच नाही अशी. उरलेल्या हजारो फाटकांवर अजून प्रायव्हेट नंबर.

त्या नंबरच्या टोकाला बसलेल्या माणसाकडेही पाहावे. अनेक फाटकांवर बारा तासांची ड्यूटी आहे, कारण काम ‘अधूनमधून’ असते असे वर्गीकरण. काही ठिकाणी माजी सैनिक कंत्राटावर आहेत. गुमटीत लाल-हिरवे झेंडे, कंदील, साखळी-कुलूप आणि फटाके. हो, फटाके: फाटक बिघडले किंवा वाहन अडकले तर गेटमनने गाडीच्या दिशेने धावत जाऊन सहाशे मीटरवर एक आणि बाराशे मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके रुळावर लावायचे, म्हणजे इंजिन त्यावरून गेल्यावर आवाज होऊन लोको पायलट सावध होईल. बाराशे मीटर धावायचे, आणि तेही गाडी दोन्ही दिशांनी येऊ शकत असेल तर आधी कोणत्या दिशेने हे ठरवून. दरम्यान फाटकापाशी मोटारसायकली तिरप्या करून लोक बूमखालून निघत असतात आणि त्याला शिव्या देत असतात. बंद फाटक स्वतः उघडणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १६० खाली तीन वर्षांपर्यंतचा गुन्हा आहे. फाटक मोडले तर पाच. हे कलम बूमवर चिकटवलेले असते. वाचतो कोण.

कडलूरनंतर रेल्वेने पंधरा दिवसांची तपासणी मोहीम काढली, सगळ्या फाटकांवर सीसीटीव्ही लावण्याचे ठरवले, मास्तर आणि गेटमन यांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण रोज तपासायला सांगितले आणि सिग्नल जोडण्यासाठीची रहदारीची मर्यादा वीस हजारांवरून दहा हजारांवर आणली. हे वीस हजार, दहा हजार म्हणजे टीव्हीयू. फाटकावरून दिवसाला जाणाऱ्या गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची संख्या. मोटार एक, बैलगाडी एक, रिक्षा अर्धी. पायी जाणारा शून्य. हा गुणाकार एक लाखाच्या वर गेला तर उड्डाणपूल निम्म्या-निम्म्या खर्चाने, अर्धा रेल्वेचा, अर्धा राज्याचा.

या गुणाकारात वीस मुले भरलेली व्हॅन आणि रिकामा टेम्पो सारखेच, एकेक. चालत शाळेत जाणारी साठ मुले मोजणीत नाहीत. मोजणी सलग काही दिवस बसून करतात आणि सरासरी काढतात. पश्चिम महाराष्ट्रात किंवा मराठवाड्यात ती जूनमध्ये केली तर एक आकडा निघेल आणि गाळप हंगामात, उसाच्या दुहेरी ट्रॉल्या रात्रंदिवस चालू असताना केली तर दुसराच. सर्वांत धोकादायक वाहन, जड, लांब, सावकाश चालणारे, रुळांवर सर्वांत जास्त वेळ घेणारे, ते वर्षाचे चार-पाच महिनेच रस्त्यावर असते.

आपल्याकडे राज्य आणि रेल्वे यांची भागीदारी असलेले महारेल आता ‘फाटकमुक्त महाराष्ट्र’ म्हणत पूल बांधते. एकाच संस्थेने बांधल्याचा फायदा होतो. एरवी रुळांवरचा तुकडा रेल्वेने बांधायचा आणि दोन्हीकडचे जोडरस्ते राज्याने, या वाटणीमुळे मधलाच तुकडा हवेत वर्षानुवर्षे उभा राहिलेले पूल आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. मुंबईच्या लोकल मार्गावर दिव्याचे फाटक उघडले की लोकलचे वेळापत्रक कोलमडते, म्हणून निदान त्या फाटकाबद्दल ओरड तरी होते. खेड्यातल्या फाटकाला पूल मिळत नाही, त्याला कमी उंचीचा भुयारी मार्ग मिळतो. पावसाळ्यात त्यात पाणी साचते, कधी कमरेएवढे. उसाची उंच ट्रॉली, कडब्याची गाडी, हार्वेस्टर त्यातून जात नाही. म्हणून गावकरी फाटक बंद करायला विरोध करतात, ग्रामसभेत ठराव होतो, जिल्हाधिकारी ना-हरकत देत नाहीत आणि फाईल पुढच्या अंदाजपत्रकाकडे जाते. रेल्वेच्या भाषेत हा स्थानिकांचा असहकार. ज्या माणसाला आपला ऊस पाच किलोमीटर वळसा घालून न्यावा लागणार आहे, त्याने भुयाराची उंची किती आणि पाणी उपसायचा पंप कोणाचा, हे आधी लेखी मागितले तर त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. पंप ग्रामपंचायतीचा की रेल्वेचा, या एका मुद्द्यावर अडलेली कामे आहेत.